भांगातले उधाण

आमच्या इमारतीसमोरचा रस्ता या वर्षात तीनदा खणला गेला. पहिल्याने पाण्याच्या नळासाठी, मग विजेच्या तारेसाठी आणि गणपती उठल्यावर कसल्या तरी तिसऱ्याच नळीसाठी. ती नळी कसली, हे खणणाऱ्यांनाही सांगता येईना. मी मुकादमाला म्हटले, "अहो, एकदाच खणून तिन्ही कामे उरकली असती की!" परीक्षेत न येणारा प्रश्न विचारणाऱ्या मास्तरांकडे मुले ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हटले, "साहेब, आमच्या कागदावर एवढंच लिहिलंय."

अंधेरीत ज्याचे आयुष्य गेले त्याला खड्ड्याचे नवल सांगायला नको. तरी त्या दिवशी मी तणतणतच जिना चढलो आणि वर आमचे डॉक्टर भेटले.

हे डॉक्टर औषधाचे नव्हेत. इमारतीत नवे बिऱ्हाड आले की महिन्याभरात कोणी ना कोणी तापलेले पोर घेऊन त्यांची घंटा वाजवते, आणि मग ते ओशाळून सांगतात, "माफ करा, मी समुद्राचा डॉक्टर." उमेदीची सारी वर्षे त्यांनी जहाजांवरून बाटल्या सोडून पाणी वर काढण्यात घालवली. आम्ही मराठीचे लोक 'समुद्र उपसणे' म्हणजे अशक्य ते करू पाहणे असे मुलांना शिकवतो. या गृहस्थांना त्याचा दरमहा पगार मिळत होता!

माझी तक्रार त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "मास्तर, तुमच्या रस्त्याला खाती किती? तीन. आमच्या समुद्राला किती आहेत ते मोजा." आणि त्यांनी बोटे मुडपायला सुरुवात केली. बंदरातली भरती-ओहोटी मोजायचे जुने काम भारतीय सर्वेक्षण खात्याचे. वारा-पाऊस हवामान खात्याचा. खोल पाण्यात नांगरलेले बोये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे. सागराचे मूलभूत संशोधन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे. तिचे एक केंद्र इथेच, चार बंगल्यांच्या बाजूला आहे. उपग्रह इस्रोचे. जहाजांना लागणारे समुद्राचे नकाशे नौदलाच्या जलसर्वेक्षण कचेरीचे, आणि ही कचेरी डेहराडूनला, म्हणजे समुद्रापासून माणसाला जितके दूर जाता येईल तितके जाऊन बसलेली. या सगळ्यांची माहिती एकत्र करून इशारे द्यायचे काम हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेचे, ती १९९९ साली स्थापन झाली. "हैदराबादला समुद्र नाही," मी म्हटले. "म्हणूनच," डॉक्टर म्हणाले, "तिथं बसलेल्या माणसाला कुठल्याच किनाऱ्याचा लळा नसतो."

"आणि हे झालं एका देशाचं. हिंदी महासागराच्या काठी किती देश आहेत? त्यांतले किती एकमेकांशी धड बोलतात? आणि तरीही माझा समुद्र तुमच्या रस्त्यापेक्षा बरा चालला आहे."

मला हे बोलणे फुशारकीचे वाटले. म्हणून मी त्यांना चिमटा काढायच्या हेतूने आमच्या घरातली एक जुनी गोष्ट सांगितली. ती सांगितली नसती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती, आणि माझ्या जिवाला लागलेली एक रुखरुखही लागली नसती.

आमच्या घरात 'आजीचे उधाण' असा एक वाक्प्रचार आहे. कोणी न पटणारी थाप मारली की आमचे काका म्हणायचे, "झालं, आलं आजीचं उधाण!" त्याची हकीगत अशी. माझी आजी १९४५ साली, सोळा-सतरा वर्षांची असताना, लग्न होऊन अंधेरीला आली. तेव्हा अंधेरी मुंबईत नव्हती. मुंबई महापालिकेची हद्द इथवर आली ती १९५० साली. आम्ही मासे खाणारे. दारावर वेसाव्याची एक कोळीण पाटी घेऊन यायची. वर्सोव्याला वेसावे म्हणतात ते जुने लोकच आता. नव्या सुनेला मासळी पारखायला, आणि तिच्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे कोळणीशी भाव करायला, तिनेच शिकवले. तिथी ओळखायलाही तिनेच शिकवले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अमावास्या-पुनवेला उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, हे आजीला तोंडपाठ होते. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो : उधाण म्हणजे समुद्राला येणारी मोठी भरती, आणि भांग म्हणजे पाणी धड चढत नाही नि धड उतरत नाही असे दिवस.

तर त्या वर्षी दिवाळी होऊन तीनेक आठवडे झाले असतील. एके दिवशी कोळीण आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आली ती पाटी न घेता. पायरीवर बसली आणि म्हणाली, "वैनी, काल दर्याला येड लागलं. भांगाच्या दिसांत उधाण आलं." सकाळी पाणी एकाएकी चढले, मागे गेले, पुन्हा चढले, होड्या दोर तोडून गेल्या आणि माणसे गेली. त्यांत तिच्या नात्यातला एक पोरगा होता. वारा नाही, पाऊस नाही, आभाळ स्वच्छ.

ही गोष्ट आजीने आम्हाला शंभरदा सांगितली असेल. दरवेळी ती एका गोष्टीवर अडून बसायची : "भांग होता हो, उधाण नव्हतं." काकांचा हिशेबी स्वभाव, ते म्हणत, "आई, वादळ नाही, पुनव नाही, मग पाणी आलं कुठून? त्या बाईने तुला थाप मारली. दोन दिवस मासळी मिळाली नसेल." आजी गप्प बसायची. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो आणि मी तर त्यावर कडी केली. लोककथा कशी जन्मते हे समजावताना मी हीच गोष्ट वर्गात उदाहरण म्हणून सांगत असे. कुठे तरी एखादी होडी बुडते, ऐकणारा त्यात भर घालतो, सांगणारी 'भांगातले उधाण' असा विरोधाभास रचते, आणि मुळातला लहानसा प्रसंग अद्भुत होऊन बसतो. मुले लिहून घेत. परीक्षेतही लिहीत. त्या उत्तराला मी चांगले गुण दिलेले आहेत.

आजी २०११ साली गेली.

डॉक्टरांना मी ही गोष्ट हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी विचारले, "दिवाळीनंतर तीन आठवडे, १९४५? नक्की?" आणि आत जाऊन ते संगणकावर काहीतरी शोधू लागले.

२८ नोव्हेंबर १९४५. पहाटे तीन वाजून सव्वीस मिनिटांनी मकरानच्या किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानातल्या बलुचिस्तानच्या दक्षिणेला, समुद्राच्या तळाखाली ८.१ प्रतीचा भूकंप झाला. पसनी, ओरमारा ही तिथली गावे लाटांनी झोडपली. कराची बंदरात पाणी चढले. आणि सकाळी सव्वाआठच्या सुमारास ते पाणी मुंबईच्या साष्टी बेटाला येऊन लागले. त्या वेळच्या वृत्तांतात स्पष्ट लिहिले आहे : अंधेरीजवळ वर्सोव्याला पाच माणसे वाहून गेली, हाजी अलीला सहा, दांडा आणि जुहू इथल्या होड्या दोर तुटून गेल्या. हवामान खात्यातल्या सी. जी. पेंडसे यांनी १९४६ साली या भूकंपावर टिपण लिहिले. म्हणजे ज्या वेळी आमचे काका आजीला थापाडी ठरवत होते, त्या वेळी ही हकीगत छापून तयार होती!

डॉक्टरांनी मग तिथी काढली. त्या वर्षीची कार्तिकातली अमावास्या ४ डिसेंबरला. म्हणजे २८ नोव्हेंबर ही वद्य अष्टमी-नवमीच्या सुमाराची तिथी. भांग! पाऊणपट केली तर भरती सहा-पावणेसातला पुरी होते. सव्वाआठला पाणी उतरायला लागले असले पाहिजे. आणि नेमके तेव्हा ते चढले. आजी ज्या एका शब्दावर साठ-पासष्ट वर्षे अडून बसली होती, तोच त्या गोष्टीतला सर्वांत मोलाचा शब्द होता. मी मात्र त्याला अलंकार समजत होतो.

मला काही सुचेना. डॉक्टर आपल्याच नादात होते. "आता वेळेचा हिशेब करा," ते म्हणाले. "तीन सव्वीस ते सव्वाआठ. जवळजवळ पाच तास. शिवाय हे सव्वाआठ कुठल्या घड्याळातले? तेव्हा मुंबईत दोन घड्याळं चालत. मुंबईची वेळ प्रमाण वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे असायची, १९५५ पर्यंत ती लोकांनी सोडली नव्हती. ते सव्वाआठ मुंबईचे असतील तर साडेपाच तास होतात. आणि परदेशी ग्रंथांत या भूकंपाची तारीख पाहाल तर २७ नोव्हेंबर सापडेल, कारण ग्रीनिचला तेव्हा आदली रात्र होती." एका लाटेच्या दोन तारखा आणि दोन वेळा! जुन्या पोथ्यांतले पाठभेद घेऊन झगडणारा माणूस मी. मला हे ऐकून घरच्यासारखे वाटले.

पण माझ्या मनात ते पाच तास रुतून बसले. कारण १९४५ साली कराची आणि मुंबई एकाच सरकारच्या अमलाखाली होत्या. हवामान खाते एकच. कुलाब्याच्या वेधशाळेत भूकंपमापक होते. दोन्ही शहरांत तारायंत्र होते. कराचीहून मुंबईला एक तार, आणि अंधेरीहून वेसाव्याला एक सायकलस्वार, एवढ्याने काम झाले असते. कोणाचा कोणाशी तंटा नव्हता, कोणाची परवानगी लागत नव्हती. तरीही तार आली नाही, कारण 'कराचीत पाणी चढले तर मुंबईला कळवावे' असे कोणाच्या कागदावर लिहिलेले नव्हते. आमच्या मुकादमाचेही हेच म्हणणे होते.

त्यानंतर चारच महिन्यांनी, १ एप्रिल १९४६ ला, अल्यूशियन बेटांजवळ भूकंप होऊन हवाई बेटांवर त्सुनामी आदळली. अमेरिकेने धडा घेतला आणि १९४९ साली होनोलुलूजवळ इशारा देणारे केंद्र उभे केले. १९६५ साली ते पॅसिफिकच्या साऱ्या देशांचे झाले. आमच्या महासागराने धडा घेतला नाही. तो घेतला २६ डिसेंबर २००४ नंतर, सव्वादोन लाखांवर माणसे गेल्यावर.

त्या संध्याकाळपासून मी डॉक्टरांच्या मागेच लागलो. दर रविवारी चहाच्या वेळी त्यांच्याकडे जाऊन बसायचे आणि समुद्राचा संसार कसा चालतो ते विचारायचे. आमच्या सौभाग्यवतींच्या मते मला हा नवा छंद जडला. प्रायश्चित्ताला छंद म्हटले म्हणजे बरे दिसते.

डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती १८५३ सालची. मोरी नावाच्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याच्या पुढाकाराने त्या वर्षी ब्रुसेल्सला दहा देशांची माणसे जमली आणि जहाजांवर वारा, पाणी, उष्णता यांची नोंद कशी करायची याचा एक नमुना त्यांनी ठरवला. रकाने सारखे, मापे ठरलेली. युद्ध सुरू झाले आणि जहाज शत्रूच्या हाती पडले, तरी त्यावरची ही वही पवित्र मानावी, अशीही त्या मंडळींची इच्छा होती. पुढच्याच वर्षी त्यांतले काही देश क्रिमियात एकमेकांवर तोफा डागत होते, ही गोष्ट वेगळी.

मग १९६० च्या सुमारास सुरू झालेली हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम. चाळीसहून अधिक जहाजे या समुद्रात फिरली. रशियाचे 'वित्याझ', इंग्लंडचे 'डिस्कव्हरी', जर्मनीचे 'मेटेओर', आणि अमेरिकेचे 'अँटन ब्रून', जे पूर्वी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचे विहाराचे जहाज होते. आपल्या नौदलाने 'किस्तना' धाडली. त्याच यादीत पाकिस्तानची 'झुल्फिकार'ही आहे. ही मोहीम १९६५ साली संपली, आणि त्या साली या दोन देशांत काय चालले होते ते सांगायला नको.

इतकी जहाजे निघाली तेव्हा प्रश्न उभा राहिला जाळ्यांचा. समुद्रातले बारीक जीव गोळा करायला प्रत्येक देशाचे जाळे निराळे. कोणाचे तोंड मोठे, कोणाची वीण बारीक. एकाने सांगितले शंभर जीव मिळाले, दुसऱ्याने सांगितले हजार, तर फरक समुद्रातला की जाळ्यातला? म्हणून सर्वांसाठी एकच जाळे ठरवण्यात आले. तोंड एक चौरस मीटर, वीण मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढी, आणि दोनशे मीटर खोलीवरून सरळ वर ओढायचे. सगळ्यांचा माल निवडायला कोचीनला आणायचा. मला यात पुण्याच्या भांडारकर संस्थेचे महाभारत दिसले. १९१९ पासून १९६६ पर्यंत देशभरच्या नाना लिप्यांतल्या पोथ्या जमवून, एकच कोष्टक आखून, श्लोकाखाली श्लोक लावत बसलेली ती माणसे! सुकथनकरांनी आधी संहिता शोधायला घेतली नाही. पोथ्या शेजारी ठेवायच्या कशा, त्याची रीत आधी घातली. डॉक्टरांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सहकाऱ्याच्या नजरेने पाहिले असे मला वाटले. कदाचित चहा चांगला झाला असेल.

याच मोहिमेत १९६३ साली कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडले. कॉलिन रॅमेज नावाचे हवाई विद्यापीठातले प्राध्यापक त्याचे प्रमुख, दिमतीला 'आयबीएम १६२०' संगणक, आणि मुंबईला तळ ठेवून अरबी समुद्रावर घिरट्या घालणारी अमेरिकन संशोधन विमाने. प्रश्न अस्सल आपला होता : आपल्या पावसातले पाणी येते कुठून? विषुववृत्तापलीकडून वाहत येते, की अरबी समुद्रातूनच उठते? त्या उड्डाणांच्या नोंदींवरून पिशारोटी यांनी १९६५ साली मांडले की मोठा वाटा अरबी समुद्राचा आहे. पुढे नोंदी वाढल्या, इतरांनी पलीकडच्या पाण्याचा वाटा मोठा दाखवला, वाद रंगला. मला त्या वादातले काही कळत नाही. पण जून उजाडला की छत्री दुरुस्त करून घेणाऱ्या माणसाला त्याची उत्सुकता असायला हरकत नाही.

आज समुद्रात चार हजारांच्या आसपास यांत्रिक तरंगक सोडलेले आहेत. 'आर्गो' हे त्या योजनेचे नाव. पुरुषभर उंचीची नळी. ती हजार मीटर खाली जाऊन प्रवाहाबरोबर वाहत राहते, दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारते, आणि वर येता येता पाण्याची उष्णता आणि खारटपणा मोजते. पृष्ठावर आली की उपग्रहाला सांगून पुन्हा खाली. भारताची आहेत, अमेरिकेची आहेत, जपान, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, चीन यांची आहेत. माहिती चोवीस तासांत सगळ्या जगाला खुली, फुकट. कोणालाही. हे ऐकून मी थक्क झालो. आमच्या इमारतीत शेजाऱ्याला टाकीची चावी मिळत नाही.

भांडणे नाहीत असे मात्र नव्हे. प्रवाहात सोडलेल्या नळीला सीमा कळत नाही. १९८२ च्या सागरी कायद्याने किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैल त्या त्या देशाचा हक्क मानला आहे आणि तिथे संशोधन करायचे तर त्याची संमती लागते. मग दुसऱ्याची नळी वाहत हद्दीत आली तर? १९९९ साली युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगात असा तोडगा निघाला की अशी नळी सोडताना त्या देशाला आधी कळवावे. कधी अडथळा माणसाचाही असतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वी सोमाली चाच्यांचा धुमाकूळ होता तेव्हा पश्चिमेकडे बोये नांगरायला जहाज जाईना, आणि पावसाचे वारे जिथून सुटतात नेमक्या त्या भागाच्या नोंदीत भोक पडले.

आणि आपले कोळी? हा प्रश्न मीच विचारला. डॉक्टर जरा अवघडले. चेन्नईवाले खोल पाण्यात जे पिवळे बोये नांगरतात त्यांच्या सावलीला मासळी जमते. मासळी जमली की होड्या जमतात. होडी बोयाला बांधतात, जाळी गुंततात, कधी वरचे यंत्रच गायब होते. लाखो रुपयांचा बोया मुका होतो.

म्हणून गेल्या महिन्यात आम्ही दोघे वेसाव्याला गेलो. माझ्या आजीच्या कोळणीची नात आज तिथल्या बाजारात बसते, हे आमच्या सौभाग्यवतींना ठाऊक होते; मला नव्हते. मी नुसता खात आलो. नात आता पन्नाशीची. सगळे तिला मावशी म्हणतात, मीही म्हटले. तिचा मुलगा होडीवर जातो. मासळी कुठे सापडेल त्याचा हैदराबादचा संदेश त्याच्या मोबाइलवर मराठीतून येतो. तो खरा ठरतो का, म्हणून विचारले तर म्हणाला, "धा वेळा गेलो तर सहा-सात वेळा बरा. पण सर, तो सगळ्यांनाच येतो ना." त्याच्या तक्रारीत तथ्य आहे, गुपित सगळ्यांना कळले की त्याचा बाजारभाव पडतो. बोयाबद्दल विचारताच तो हसला. "आम्ही नाय तोडत. पण त्यावर लिहिलंय काय, ते इंग्रजीत. आम्हाला कसं कळणार तो आमच्यासाठीच आहे?" डॉक्टरांनी वही काढली आणि हे वाक्य लिहून घेतले.

मग मी मावशीला १९४५ विचारले. मला वाटले होते आठवण पुसली असेल. ती ताडकन म्हणाली, "भांगातलं पाणी?" त्यांच्या घरात त्याचे नावच ते होते. आमच्याकडे ते थापेचे नाव झाले, त्यांच्याकडे गेलेल्या पोराचे. पाणी तीनदा आले, दुसरे सर्वांत मोठे. बायका बाजाराला निघायच्या वेळेला. "देवीच्या मुलखातून आलं म्हणतात," ती म्हणाली. वेसाव्यात हिंगळादेवीचे देऊळ आहे, आणि हिंगलाजमातेचे मूळ ठाणे बलुचिस्तानात, त्याच मकरानच्या मुलखात आहे. हे तिला कोणी सांगितले, का पिढ्यांपासून चालत आले, कोण जाणे! मी यावर आता सिद्धान्त मांडणार नाही. एकदा मांडून बसलो आहे.

परतताना मी डॉक्टरांना विचारले, "आज तसाच भूकंप झाला तर?" ते म्हणाले, हैदराबादला २००७ पासून त्सुनामीचे केंद्र आहे. हैदराबाद, जाकार्ता आणि ऑस्ट्रेलिया अशी तीन केंद्रे २०११ पासून साऱ्या हिंदी महासागराला इशारे देतात. पाकिस्तानला, इराणला आणि ओमानलाही. भूकंप झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पहिला कागद निघतो. २०१४ साली मकरानचाच काल्पनिक भूकंप धरून सगळ्यांनी मिळून तालीमही केली. जी गोष्ट एका सरकारच्या एका खात्याला पाच तासांत जमली नाही, ती एकमेकांशी न बोलणारी सरकारे पाव तासात करतात.

"मग हैदराबादहून वेसाव्याच्या बाजारात किती वेळ?"

डॉक्टर बराच वेळ बोलले नाहीत. रिक्षा आमच्या रस्त्याच्या तोंडाशी थांबली. पुढे खणले होते. "हैदराबाद ते मंत्रालय ठाऊक आहे," ते म्हणाले. "तिथून जिल्हा, जिल्ह्यातून पोलीस ठाणं. त्यापुढचं त्या दिवशी कळेल." आम्ही पायी निघालो.

गोव्याच्या संशोधकांनी २०११ साली, आजी गेली त्याच साली, १९४५ च्या कराची आणि मुंबई बंदरांतल्या भरतीमापकांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून अभ्यासल्या. त्यांतून असे दिसते की ते पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात कोंडून पुन्हा पुन्हा येत राहिले. मुंबईची भरती १८७८ पासून नोंदली जाते. कागद होता म्हणून हे साधले. आणि २०१५ साली युनेस्कोने अरबी समुद्राच्या काठच्या म्हाताऱ्या माणसांच्या त्या दिवसाच्या आठवणी पुस्तिकेत छापल्या. बलुची कोळ्यांनी काय सांगितले ते मी त्यात वाचले. पाणी कुठवर आले हे दाखवायला ते मशिदीची पायरी, ताडाचे झाड असे काही बोट दाखवण्याजोगे शोधतात. अगदी मावशीसारखे.

डॉक्टरांनी परवा तसाच एक कागद आखून आणला. तारीख, वेळ, जागा, पाणी किती वेळा आले, कुठवर आले, सांगणाऱ्याचे नाव, कोणाकडून ऐकले. आम्ही दोघांनी तो मावशीसमोर बसून भरला. पाणी कुठवर आले ते दाखवायला ती स्वतः उठून आली आणि एका जुन्या ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवून उभी राहिली; डॉक्टरांनी खिशातली फीत काढून माप घेतले. वेळेच्या रकान्यात त्यांनी 'सव्वाआठ' लिहिले नाही; 'बायका बाजाराला निघायच्या वेळी' असेच लिहिले. नावाच्या रकान्यात मावशीच्या आजीचे नाव आले. त्याखाली एक ओळ मोकळी होती. डॉक्टरांनी काही न बोलता कागद माझ्याकडे सरकवला आणि मी माझ्या आजीचे नाव लिहिले.

शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. आजवर हजारो उत्तरपत्रिकांवर शेरे मारले, पण हात असा कधी थांबला नव्हता. मग मी लिहिले : "भांग होता, उधाण नव्हते."